व्हॉल्व्हवाले भाऊ

आमच्या घरमालकांकडे चहा प्यायचा असला तर आधी मशीन तापावं लागायचं. चुलीवरचं पातेलं नव्हे, मशीन. पाहुणा आला, चपला काढून टेकला, की भाऊ उठायचे, कोपऱ्यातल्या लोखंडी पेटाऱ्याचा खटका खाली करायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. पेटाऱ्याच्या डोक्यावर काचेच्या लहानमोठ्या नळ्या उभ्या होत्या. त्यांच्या पोटातली तार हळूहळू लाल व्हायची. ती पुरती लाल होईपर्यंत बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि चहाही नाही, कारण कपबशी वाजते. पाहुणा बिचारा काय सांगायला आला होता ते विसरून जायचा. एक बाई तर आमंत्रण द्यायला आली आणि न देताच परत गेली. लग्न झाल्यावर तिला आठवलं.

आम्ही मूल गावात त्यांच्या घरी बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. आमचे हे राईस मिलमध्ये, आणि मी घरी ब्लाऊज शिवायची. भाऊ तहसील कचेरीतून रिटायर झालेले. अंगात पांढरा सदरा, खिशात लहानसा पेचकस. पेनाच्या जागी पेचकस लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. धान निघाल्यावर गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणारी एक मंडळी पूर्वी आमच्या भागात फिरायची. तिचा धंदा बसला तेव्हा त्यांचा अँप्लिफायर भाऊंनी उचलला. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. त्या दिवसापासून जगात दोनच जाती उरल्या, असं त्यांचं मत झालं. एक व्हॉल्व्हवाली आणि दुसरी ट्रान्झिस्टरवाली. विहारात बसून जात नाही मानत म्हणायचे, आणि घरी येऊन ही मानायचे.

आता मला यातलं काय समजतं? काहीच नाही. पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर जे कानावर पडलं ते सांगते. जुन्या मशीनमध्ये आवाज काचेच्या नळ्यांतून मोठा होतो, नव्यात तेच काम बारके बारके दाणे करतात. नवं मशीन खटका दाबला की लगेच वाजतं, तापत नाही, हलकं असतं, स्वस्तही असतं. हे सगळे त्याचे दोष होते, भाऊंच्या हिशेबी.

"आवाज आयकाचा नसते बाई," ते मला म्हणायचे, "आवाज शेकाचा असते."

मूलमध्ये, एप्रिलमध्ये, शेकायचा. तुम्ही आमच्याकडचा उन्हाळा पाहिला असेल तर पुढचं मी सांगायला नको.

माणसंही ते याच मापानं मोजायचे. जो उशिरा बोलतो, बोलायच्या आधी घसा साफ करतो, तो व्हॉल्व्ह. जो आल्या आल्या बोलायला लागतो तो ट्रान्झिस्टर. मी कोण ते सांगायची गरज नाही. नवा तलाठी ट्रान्झिस्टर, दवाखान्यातला डॉक्टर ट्रान्झिस्टर. त्यांचा स्वतःचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला, फोनवर भराभर बोलायचा, तोही त्यात गेला. व्हॉल्व्ह म्हणावा असा गावात एकच माणूस त्यांना सापडला होता, आणि तो मुका होता.

पेटाऱ्याखाली सायकलचा जुना टायर होता. तो कशाला, तर हादरे बसू नयेत म्हणून. आमच्या रस्त्यानं सूरजागडच्या खाणीतला लोखंडाचा दगड भरलेले ट्रक जायला लागले तेव्हापासून टायरही पुरेना. लांबून ट्रकची घरघर आली की भाऊ खुर्चीतून उठायचे आणि अँप्लिफायरला दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहायचे, ट्रक जाईपर्यंत. तापलेलं मशीन ते. हातांना चटके बसायचे, पण सोडायचे नाहीत. मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं, तुमची पोरं लहान होती तेव्हा यांनी अशी धरली होती का कधी? ती म्हणाली, "पोरं कुठी गरम होत होती वं."

ही सुलोचनाबाई. हिच्याबद्दल खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण त्या घरात तिचा नंबर पेटाऱ्यानंतर लागायचा, तो माझ्याही लिहिण्यात तसाच लागला.

स्पीकरचे डबे दोन, आलापल्लीच्या सागवानाचे. ते सागवान आलं होतं सुलोचनाबाईच्या कपाटासाठी. तिच्या भावानं डेपोतून रीतसर घेऊन, पावतीसकट पाठवलं होतं, की बहिणीच्या साड्या पेटीत राहतात, एक कपाट होऊन जाऊ दे. भाऊंनी फळ्यांवर बोटानं टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाले की या लाकडात साड्या ठेवणं म्हणजे पाप. साड्या पत्र्याच्या पेटीतच राहिल्या. डब्यांना मात्र महिन्यातून एकदा जवसाचं तेल लागायचं, आणि ते लावायचं काम कोणाचं ते ओळखा.

माझ्या शिवणयंत्राचं तर त्यांनी वेळापत्रकच ठरवून दिलं होतं. त्यांचं मशीन सुरू असेल तेव्हा माझं बंद. म्हणून लाईन गेली की सगळं मूल कुरकुर करायचं आणि मी खुश व्हायची, कारण माझं यंत्र पायाचं. ब्लाऊज मागायला बाई आली की मी सांगायची, लाईन गेली की देते. लोकांना वाटायचं ही उलटं बोलते.

आणि ती परीक्षा. घरात येणाऱ्या प्रत्येकाला द्यावीच लागायची. भाऊंनी कुठून तरी एक ट्रान्झिस्टरचा डबा आणून ठेवला होता, केवळ त्याचा अपमान करायला. आधी त्यावर एक गाणं, मग तेच गाणं व्हॉल्व्हवर. मग ते पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. "फरक समजला का?" लोक पटकन हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं की तेच गाणं पुन्हा. मी दोन्ही वेळा हो म्हणायची, व्हॉल्व्ह लागायच्या आधीसुद्धा. दवाखान्यातला एक कंपाउंडर मात्र म्हणाला की मला तर दोन्ही सारखेच वाटले. त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. आम्ही सगळे त्याच्यावर जळायचो.

मागच्या खोलीत चूल, म्हणजे आता गॅस, आणि तिथे सुलोचनाबाई पोळ्या लाटता लाटता गायची. तिचं माहेर सिंदेवाहीकडचं. तिचे वडील जयंतीच्या दिवसांत बंडीवर उभे राहून गावोगाव भीमगीतं गायचे. बैल चालतायत, बंडी डुलतेय, माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, माईक नाही न् फाईक नाही. ही तेव्हा परकरातली पोर, वडिलांच्या मागे उभी राहून धृपद धरायची. बंडीच्या मागच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला नाही तर वडील मागे वळून पाहायचे, एवढंच. असा तयार झालेला गळा. आवाज काही गोड म्हणावा असा नव्हता. उभा होता. भिंतीपलीकडे मी काज करत असायची आणि शब्द न् शब्द कळायचा.

पण पुढच्या खोलीतून भाऊंचा आवाज यायचा, "बारीक कर वं." जणू तिच्या गळ्याला बटण होतं. आणि ती बारीक करायची. मग बंदच.

आता विहाराचं सांगते, कारण सगळं तिथंच झालं. आमच्या विहाराला स्वतःचं मशीन नव्हतं. वंदनेला, पौर्णिमेला, जयंतीला भाऊंचं मशीन यायचं. ज्याचं मशीन त्याचा माईक, हे आपोआप ठरून गेलं. कोणी बोलायचं, कोणी गायचं, माईकपासून किती बोटं लांब राहायचं, सगळं भाऊ ठरवायचे. सुलोचनाबाई त्यांच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिनं विहारात माईकवर एक ओळ म्हटली नव्हती. भाऊ म्हणायचे, हिचा आवाज ट्रान्झिस्टरचा आहे, पातळ, टोकदार, व्हॉल्व्हला सोसायचा नाही. चारचौघांत म्हणायचे, आणि ती बायकांच्या रांगेत पांढरी साडी नेसून टाळ्या देत बसायची. तिच्यापेक्षा किती तरी वाईट गळ्याच्या बाया तिच्यासमोर गाऊन गेल्या. मीही गेले.

एका वर्षी काय झालं, की आमच्या वस्तीतली पोरं, बाहेरगावी नोकरीला लागलेली, त्यांनी मिळून विहाराला नवं मशीन पाठवलं. हलकं, चपटं, एका हातात मावेल असं. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष म्हणजे सरकारी दवाखान्यातली सिस्टर. तिनं मशीन उघडलं, लावलं, आणि पहिलं वाक्य हे म्हटलं की यंदा जयंतीला सुलोचनाबाई गातील. आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहायला लागलो. सुलोचनाबाईनं नाही म्हटलं नाही. साठी उलटलेली बाई. मला घरी येताना रस्त्यात म्हणाली, "यंदा नाई झालं तं मंग नाईच होत, बाई. दम कमी होऊन राह्यला."

भाऊंना कळलं. त्यांनी बायकोला काही विचारलं नाही. ते थेट रविवारच्या वंदनेनंतर, सगळे बसले असताना उभे राहिले, घसा साफ केला, आणि नव्या मशीनविरुद्ध बोलले. बुद्धाच्या पुढ्यात हा पत्र्याचा आवाज लावायचा का. मी डोळे बांधून बसतो. दोन्ही मशीन वाजवा. मी ओळखलं तर नवा डबा परत जाईल आणि माईक माझ्या हाती राहील. नाही ओळखलं तर माझं मशीन मी उचलून नेतो, मग कोणालाही गाऊ द्या.

कोणालाही म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना कळलं. सिस्टरनं सुलोचनाबाईकडे पाहिलं. सुलोचनाबाईनं मान हलवली, म्हणजे होऊ द्या.

पुढच्या रविवारी दुपारी जमलो. एवढी माणसं विहारात जयंतीशिवाय मी पाहिली नव्हती. भाऊंनी नियम सांगितले, आणि नियम सांगताना ते किती खुश होते म्हणून सांगू. पहिला नियम, पंखे बंद. पंख्याची घरघर कानात शिरते. एप्रिलमधली दुपार, दारं लावलेली, आणि पंखे बंद. दुसरा नियम, कॅसेट नाही, मोबाईल तर नाहीच. मेलेल्या आवाजावर परीक्षा होत नसते, जिवंत माणूस गायला पाहिजे. आता गाणार कोण? बाया एकमेकींना कोपरानं ढकलायला लागल्या आणि ढकलत ढकलत सुलोचनाबाईपर्यंत पोचल्या. भाऊ हसले. म्हणाले, चांगलं आहे. असल्या आवाजालाही व्हॉल्व्ह कसा माणसात आणतो ते ऐका. तिसरा नियम, स्पीकर त्यांचेच, सागवानाचे. दोन्ही मशीन आधी तापवून ठेवायची. वायर सिस्टर बदलेल, पण कोणतं मशीन आधी ते सांगणार नाही.

डोळे बांधायला ओढणी पाहिजे होती. सुलोचनाबाईनं आपल्या पिशवीतला पांढरा रुमाल काढला आणि स्वतः बांधला. चांगला घट्ट.

सिस्टरनं वायर आधी व्हॉल्व्हला लावली. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. सुलोचनाबाई माईक हातात घेऊन बसली, भाऊंच्या अगदी समोर, आणि तिनं एक कडवं म्हटलं. घाबरलेली होती, आवाज जरा कापला. कडवं पूर्णही झालं नाही तोच भाऊंनी हात वर केला. म्हणाले, बस. ट्रान्झिस्टर. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. याच्यात मशीनचा दोष आहे अन् गळ्याचाही.

कोणी हसलं नाही. सिस्टरनं तोंडावर पदर धरला होता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. तिनं वायर काढली आणि नव्या मशीनला लावली. आणि त्याच क्षणी लाईन गेली.

आमच्याकडे लाईन जाते त्याचं कोणाला काही वाटत नाही. पंखे आधीच बंद, भर दुपार, त्यामुळे डोळे बांधलेल्या माणसाला कळायला काही मार्गच नव्हता. व्हॉल्व्हच्या तारा काळ्या पडल्या, नव्या मशीनवरचा हिरवा दिवा विझला. सिस्टरनं थांबा म्हणून हात वर केला. सुलोचनाबाईनं तो हात पाहिला. विझलेला दिवाही पाहिला. मग तिनं माईक हळूच मांडीवर ठेवला, पाठ ताठ केली, आणि गायला सुरुवात केली.

मी काय सांगू. दारं बंद होती, पण रस्त्यावर जाणारा एक सायकलवाला उतरून खिडकीशी उभा राहिला. पहिल्यासारखं कापणं नाही, काही नाही. बंडीच्या मागच्या माणसापर्यंत शब्द जात होता. आमच्या बाया टाळ्या द्यायच्या विसरल्या. आणि भाऊ? ते पुढे वाकले. मान हलायला लागली. या वेळी त्यांनी हात वर केला नाही. कडवं संपलं तर म्हणाले, "अजून एक म्हण."

लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य त्या घरात मी भिंतीपलीकडून कधी ऐकलं नव्हतं. तिनं अजून एक म्हटलं. शेवटची ओळ तिनं जितकी धरायची तितकी धरली.

मग भाऊ बोलायला लागले, आणि किती बोलले. हा व्हॉल्व्ह. लहान पोरगंही सांगेल. याला म्हणतात आवाज, ताज्या दुधासारखा, वाफ निघते. तीच बाई, तोच गळा, पण पहा मशीननं काय करून टाकलं. आणि आज तर मशीनची मागची घूं-घूंसुद्धा नाही, एवढा साफ तो कधी वाजलाच नव्हता. असं म्हणत त्यांनी रुमाल सोडला.

समोर बायको. तिच्या मांडीवर माईक. कोपऱ्यात काळ्या पडलेल्या नळ्या.

त्यांना समजायला वेळ लागला. व्हॉल्व्ह माणूस. पण समजल्यावर जे बोलले त्याला मी आजही मानते, कारण एवढी हिंमत लागते.

"लाईन गेली तरी व्हॉल्व्ह गरम राह्यते," ते म्हणाले. "त्याच्यात दम असते. त्या दमावर वाजला."

सिस्टर शांतपणे म्हणाली, "भाऊ, वायर तं नव्या मशीनले होती."

आता मात्र हसू फुटलं. मागे कंपाउंडर बसला होता, तो तर भिंतीला टेकून हसला, त्याचा किती दिवसांचा हिशेब होता. सुलोचनाबाई तेवढी हसली नाही. तिनं रुमाल घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.

भाऊंनी शब्द पाळला, हे सांगायला हवं. त्यांनी पेटारा उचलला, एकट्यानं, कोणाला हात लावू दिला नाही. सागवानाचे डबे न्यायला दुसरी फेरी करावी लागली. घरी जाऊन दार लावून घेतलं, आणि लाईन आल्यावर भिंतीपलीकडून गाणी सुरू झाली, एकामागून एक. रात्रीच्या जेवणाला सुलोचनाबाईनं हाक मारली तर म्हणे तापतंय.

जयंतीला ती गायली. निळे झेंडे, मंडप, हजारभर माणूस, आणि नवं मशीन, जे भाऊंच्या मते पत्र्याचं होतं. कसं झालं म्हणून मला विचाराल तर मी तिची मैत्रीण, मी चांगलंच सांगणार. पण तिचं गाणं ऐकायला आलापल्लीहून तिचा सख्खा भाऊ आला होता, तो पूर्णवेळ उभा होता, एवढं सांगते. घरमालक आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

आणि मग घरात एक नवीन चाळा सुरू झाला. सुलोचनाबाई स्वयंपाकाला लागली की भाऊ मशीन बंद करायचे. खुर्ची उचलून मागच्या खोलीच्या दाराशी आणायचे, तोंड चुलीकडे करून बसायचे, आणि वर्तमानपत्र उघडायचे. पान उलटायचे नाहीत. चांगलं ऐकता यावं म्हणून मलाही शिवणयंत्र थांबवायचा निरोप आला. मी थांबवलं, मलाही ऐकायचं होतं. पण चुलीपाशी नुसतं लाटणं वाजत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. सुलोचनाबाईनं घरात गाणं बंद केलं होतं.

भाऊंनी काही दिवस वाट पाहिली. हे त्यांना जमायचं, तापेपर्यंत थांबणं. शेवटी एका सकाळी दाराशी बसूनच विचारलं, आवाज जरा घाबरत घाबरत, "काऊन वं, म्हणून नाई राह्यली आताशा?"

आतून लाटणं थांबलं.

"घरी बारीक करा लागते," सुलोचनाबाई म्हणाली. "आयकाचं असन तं विहारात या. चटईवर बसा, सगळ्यांसंगं."

मी सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या जाईना.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या पौर्णिमेला वंदना संपली न् संपली तोच भाऊ आले. मशीनशिवाय विहारात आलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. पुढे जागा होती, पण ते मागेच बसले, चपलांच्या जवळ, चटईच्या काठावर. डोळे मिटून घेतले. तयारीनं आले होते.

आता आमच्या मंडळात गाण्याच्या पाळ्या लावलेल्या होत्या. सिस्टरनं नियमच केला होता, की कोणी एकीनं माईक धरून बसायचं नाही, सगळ्यांना मिळाला पाहिजे. सुलोचनाबाईची पाळी मागच्या पौर्णिमेला होऊन गेली होती. या वेळी सुरुवात माझ्यापासून होती.

माझा गळा कसा आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी गायला लागले की आमचे हे मिलमध्ये काही राहिलं का ते पाहायला जातात. मी माईक घेतला, नवीन मशीन लगेच बोललं, आणि मी सुरू झाले. पहिल्याच ओळीला भाऊंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग बायकांच्या रांगेत पाहिलं. सुलोचनाबाई शांतपणे टाळ्या देत होती. मी सगळी कडवी म्हटली, एकही सोडलं नाही, धृपदं तर जास्तीची म्हटली.

संपल्यावर भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. सुलोचनाबाईनं मागे वळून पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. "अजून दोघी हायेत."

भाऊ बसले.